गाजरगवत उपटून झाल्यावर काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात गाजरगवत निर्मूलनाच्या मोहिमांची छायाचित्रे आपल्या दैनिकात येतात. श्रमदान करणाऱ्यांविषयी आदर राखून सांगतो, की उपटून रिकामी केलेली जमीन उघडीच राहिली, तर महिन्याभरात ती पुन्हा गाजरगवताची होते. एकेका झाडाला हजारोंनी बी धरते, ते मातीत वर्षानुवर्षे टिकते आणि उपटताना माती हलली की खालचे बी वर येऊन पुढच्या सरीत रुजते. १९५५ साली पुण्यात नोंदले गेलेले हे तण देशभर पसरले, ते अशाच बेवारशी जागांच्या आधाराने.

आमच्या परसातल्या दोन गुंठ्यांत मी तीन वर्षे नुसते उपटत होतो. चौथ्या वर्षी ताग पेरला, पण पेरणीला जुलैचा मध्य उजाडला; तोवर गाजरगवत मुळे धरून बसले होते आणि विरळ उगवलेल्या तागाला त्याने दाद दिली नाही. पुढच्या वर्षी जूनमधल्या पहिल्या चांगल्या पावसानंतर जमीन खुरपली आणि त्याच दिवशी गुंठ्याला पाऊण किलो या हिशेबाने ताग दाट फोकला. तीन आठवड्यांत माती दिसेनाशी झाली, खाली उगवलेली गाजरगवताची रोपे उन्हावाचून खुरटली आणि उरलीसुरली हातमोजे घालून तासाभरात काढता आली. फुलकळी दिसताच ताग कापून तिथेच पसरला आणि लगोलग झेंडू लावला.

रस्त्याकडेच्या जागांवर दरवर्षी ताग कोण पेरणार? तिथे टाकळा, म्हणजे विदर्भातला तरोटा, बरा; एकदा जम बसला की तो स्वतःच्याच बियांवर दरवर्षी उगवतो. त्याच कारणाने त्याला घरच्या वाफ्यात मात्र येऊ देऊ नये. (त्याच्या कोवळ्या पानांची भाजी तरी होते, गाजरगवताला गुरेही सहसा तोंड लावत नाहीत.)

गाजरगवत जागृती सप्ताह १६ ते २२ ऑगस्टला असतो. जूनमध्ये उगवलेली झाडे तोपर्यंत फुलून बी टाकू लागलेली असतात आणि पेरणीची वेळही टळलेली असते. म्हणून नगरपालिकांनी व गृहनिर्माण संस्थांनी टाकळ्याच्या शेंगा वाळल्या की हिवाळ्याच्या तोंडाशी बी गोळा करून ठेवावे, ते वळवाच्या आधी विस्कटावे आणि उपटण्याची पहिली फेरी जूनमध्येच, फुले येण्यापूर्वी घ्यावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे