आकड्यामागची नावे छापा

महोदय,

हवाई हल्ल्याची बातमी आपल्याकडे 'इतके ठार' एवढ्यावरच संपते. 17 मार्च 2017 रोजी इराकमधल्या मोसुल शहराच्या जदिदा भागात अमेरिकी बॉम्ब पडला आणि इमारत खाली आली. आत आसऱ्याला आलेले शंभरावर नागरिक मेले, हे अमेरिकी सैन्याने कबूल करायला मे उजाडला.

लंडनची 'एअरवॉर्स' ही संस्था 2014 पासून अशा नोंदी ठेवते. स्थानिक भाषेतल्या बातम्या, नातेवाइकांच्या पोस्ट, फोटो ताडून नाव, वय, ठिकाण लिहून ठेवते. किती चिकाटीचे काम हे!

माझी आई गेली तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर गंगूबाईची 'गंगव्वा' झाली. दोन अक्षरांच्या फरकापायी वारसा लावायला मी दीड वर्ष हेलपाटे घातले. दर खेपेला तोच प्रश्न, "ही तुमचीच आई कशावरून?" छातीत कळ यायची. माझ्याकडे निदान कागद तरी होता. ढिगाऱ्याखाली अख्खे घर गेले, तर साक्ष द्यायला उरतो कोण?

अशा बातम्यांत मृतांची नावे मिळत असतील तेव्हा ती वयासह जरूर छापा. जागा लागली तर आम्हा वाचकांची पत्रे कमी करा.

– एक निवृत्त शिक्षक, नंदगड (ता. खानापूर, जि. बेळगाव)