बघ्याच्या तोंडी वाक्य द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयांच्या टेक-फेस्टचा आणि कॉमिक कॉनचा (कॉमिक्सप्रेमींच्या संमेलनांचा) हंगाम आला की आयोजक छळविरोधी फलक लावतात. लाल गोलात आडवी रेघ आणि खाली ‘गैरवर्तन खपवून घेतले जाणार नाही’. त्यापेक्षा चार चौकटींचे वेबकॉमिक काढा, अशी सूचना हल्ली पुष्कळदा होते. सूचना चांगली आहे. मात्र अशी बहुतेक कॉमिक्स छळणाऱ्याला दटावण्यात किंवा जिला त्रास झाला तिला धीर देण्यात संपतात. शेजारी उभे असलेले आठ-दहा बघे कोऱ्या चेहऱ्याने मागे काढलेले असतात. खरे वाचक तेच असतात, म्हणून हे पत्र.

गेमिंग, कॉमिक्स, प्रोग्रॅमिंग, विज्ञानकथा या जगातला छळ बराचसा किरकोळ दिसतो. मुलीच्या टी-शर्टवर सुपरहिरो दिसला की ‘सांग बघू, पहिला अंक कधी आला?’ अशी तोंडी परीक्षा सुरू होते. व्हॉइस चॅटवर बाईचा आवाज आला की ‘अकाउंट भावाचं का?’ कॉस्प्ले करून, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश घालून, आलेल्या मुलीच्या कमरेला न विचारता हात घालून सेल्फी. एकेक प्रसंग सांगायला जा, समोरचा म्हणतो, ‘एवढं काय मनावर घ्यायचं!’ (आपला ‘छेडछाड’ हा शब्दही याला हातभार लावतो. त्यात चेष्टेचा वास आहे.) लेखात हे पटवायला पान लागते, चित्राला दोन चौकटी पुरतात.

रँडल मन्रो यांच्या ‘एक्सकेसीडी’ या वेबकॉमिकमधले 2008 सालचे 385 क्रमांकाचे चित्र पाहावे. दोन्ही चौकटींत फळ्यावर तेच चुकलेले गणित आहे. पहिल्या चौकटीत मुलगा चुकतो, तेव्हा त्याचे एकट्याचे गणित कच्चे ठरते. दुसरीत मुलगी चुकते, तेव्हा समस्त मुलींचे. माणसे काड्यांची, पार्श्वभूमी कोरी. बाकी सारे जसेच्या तसे ठेवल्यामुळे तेवढाच एक फरक डोळ्यांत भरतो. नवखे चित्रकार नेमके इथे घसरतात. दुसऱ्या चौकटीत रंग बदलतात, कोन बदलतात, मागे झाड काढतात, आणि दाखवायचा फरक त्या गर्दीत हरवतो.

दुसरे उदाहरण डेव्हिड माल्की यांच्या ‘वंडरमार्क’ या वेबकॉमिकचे. सप्टेंबर 2014 मध्ये, गेमरगेटचा, म्हणजे गेमिंगमधल्या स्त्रियांच्या ऑनलाइन छळाचा, गदारोळ पेटलेला असताना, त्यांनी एक समुद्रसिंह काढला. एक बाई समुद्रसिंहांबद्दल सहज नापसंती बोलून जाते. लगेच एक समुद्रसिंह हजर होतो आणि अत्यंत सभ्य भाषेत पुरावे मागत तिच्या घरात, थेट शयनगृहापर्यंत पिच्छा पुरवतो. त्यातून अशा सभ्य पिच्छ्यासाठी ‘सीलायनिंग’ (‘सी लायन’ म्हणजे समुद्रसिंह) हा शब्द रूढ झाला. नाव मिळाल्यामुळे तक्रार करणे सोपे झाले, ही त्या चित्राची कमाई. पण त्यात एक फटही राहिली. समुद्रसिंह ही अख्खी जात झाली, मग तिच्याविषयीची नापसंती हाच भेदभाव नव्हे काय, असे काही वाचकांनी विचारले. आपला रोख वागण्यावर आहे, जन्मावर नाही, असा खुलासा माल्की यांना जोडावा लागला. चित्रकार तोमा मात्यू यांनी 2013 पासून ‘प्रोजे क्रोकोदील’मध्ये सगळेच पुरुष हिरव्या मगरी म्हणून रंगवले. रस्त्यावरच्या छळाच्या त्या खऱ्या हकिकती होत्या आणि तिथे मगर शोभली. आपल्या महाविद्यालयांतल्या क्लबांत ती चालणार नाही, असे माझे मत आहे. इथला त्रास देणारा बहुतेकदा सर्वांना असाइनमेंट समजावून सांगणारा, क्लबचा लाडका मुलगा असतो. त्याला सुळे काढले की वाचक म्हणतो, ‘आमचा तसा नाही’, आणि पुढे सरकतो. त्याला हसरा, नीटनेटका, हातात सर्वांसाठी आणलेले वडापाव अशा रूपात काढा.

आता बघ्याकडे. पॅरिसच्या चित्रकार मेरील यांनी 2016 मध्ये चार टप्प्यांची एक चित्रमार्गदर्शिका काढली. विषय होता सार्वजनिक ठिकाणी मुस्लिम व्यक्तीला होणारा त्रास. टप्पे असे: त्रास होत असलेल्या व्यक्तीच्या शेजारी जाऊन बसा आणि नमस्कार करा, हवापाणी, सिनेमा, कोणताही विषय काढा, नजर तिच्याकडेच ठेवा, छळणाऱ्याकडे अजिबात बघू नका, तो निघून जाईपर्यंत बोलत राहा आणि गरज पडली तर तिला सुरक्षित जागी पोहोचवा. यात हाणामारी नाही, भाषण नाही. घाबरट माणसालाही जमेल असे काम त्यात आहे, आणि त्यामुळेच ते चित्र दूरवर पोहोचले.

हाच साचा कॉस्प्लेच्या रांगेत बसवून बघा. पहिली चौकट: मोबाइल उंचावलेला मुलगा आणि मागे सरकलेला मुलीचा खांदा. दुसरी: रांगेतल्या तिसऱ्याच मुलीचे डोळे तिकडे वळलेले. चौकटीत फक्त डोळे, संवादाचा फुगा नाही. तिसरी: ती मधे येऊन म्हणते, ‘अगं, हे चिलखत कशाचं केलंस? फोमचं का?’ चौथी: दोघी मदत कक्षाकडे चालल्या आहेत आणि कक्षाचा क्रमांक फलकावर स्पष्ट दिसतो. वाचकाला हवे असते ते तिसऱ्या चौकटीतले वाक्य. ऐन वेळी सुचत नाही म्हणूनच माणसे गप्प बसतात. गेमिंगसाठी वाक्य वेगळे लागेल: ‘स्कोअर बघ तिचा, आणि कव्हर दे.’ जिची तोंडी परीक्षा चालली आहे तिच्यासाठी आणखी वेगळे: ‘अरे, मलाही नाही येत उत्तर. मला काढणार का क्लबातून?’

इंग्रजी न येणाऱ्याला हसणे हासुद्धा आपल्याकडच्या तांत्रिक क्लबांतला बहिष्काराचा प्रकार आहे, आणि त्यावर कॉमिक क्वचितच निघते. मराठी माध्यमातून आलेला मुलगा शंका विचारताना अडखळतो, मागची बाके खिदळतात. एवढ्या दोन चौकटी कोणीतरी काढाव्यात.

कोन कुठून लावायचा हे फार महत्त्वाचे. छळणाऱ्याच्या मोबाइलमधून मुलगी दाखवली की निषेधाच्या नावाखाली तेच चित्र पुन्हा काढल्यासारखे होते. बघ्याच्या उंचीवरून काढा. खऱ्या प्रसंगावर बेतायचे असेल तर आधी तिची परवानगी घ्या. जागा, पोशाख आणि घटनांचा क्रम या तिन्ही गोष्टी बदला. पूर्ण झालेले चित्र तिला दाखवा आणि नको म्हणाली तर टाकून द्या.

मोबाइलसाठी 1080 गुणिले 1350 पिक्सेलचा उभा आकार ठेवा. त्या मापावर अक्षर 40 पिक्सेलपेक्षा लहान नको. एका फुग्यात बारा-पंधरा शब्द झाले की थांबा. इन्स्टाग्राम एका पोस्टमध्ये 20 चित्रे घेते म्हणून 20 काढायची नसतात. चौकटी सुट्या होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, हेही ध्यानात ठेवा. टोमणा एका चौकटीत आणि त्याचे उत्तर पुढच्या चौकटीत असेल, तर टोमणाच तेवढा विनोद म्हणून फिरतो. म्हणून टोमणा आणि ऐकणारीचा चेहरा एकाच चौकटीत हवा. आयोजकांचे नाव समासात लिहिले तर कापले जाते, ते चित्राच्या आत बसवा.

देवनागरीचे स्वतःचे हट्ट असतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत भारतीय लिप्यांसाठीची मजकूर-व्यवस्था निवडली नसेल तर पहिली वेलांटी भलत्या बाजूला जाते आणि जोडाक्षरे फुटतात. वर मात्रा, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागते. अक्षराच्या दीडपट धरा. इंग्रजीत ओरडणे कॅपिटल अक्षरांत दाखवता येते, आपल्याकडे ती सोय नाही. जाडी आणि आकार वाढवा, अक्षरे तिरकी करू नका. हस्ताक्षरासारखे हवे असेल तर ‘कलम’ हा फॉन्ट, सरळ हवे असेल तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’; दोन्ही मोफत आहेत. काही फॉन्टमध्ये भाषा ‘मराठी’ निवडली तरच आपले ल आणि श उमटतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. छापायला देताना अक्षरांच्या बाह्यरेषा (आउटलाइन) करून द्या.

प्रसिद्धीनंतरचे पहिले दोन तास कोणीतरी प्रतिक्रियांवर बसलेले हवे. तसे माणूस नसेल तर रात्री अकराला पोस्ट टाकू नका. आणि टीका झालीच तर हट्टाला पेटू नका. अमेरिकेतल्या ‘पेनी आर्केड’ या वेबकॉमिकने 2010 मध्ये बलात्काराचा उल्लेख असलेला एक विनोद केला. तक्रारी आल्यावर खिल्ली उडवणारे उत्तर काढले, नंतर त्यावरचे टी-शर्टही विकले. ते विक्रीतून काढल्यावर 2013 मध्ये, स्वतःच भरवलेल्या संमेलनाच्या मंचावरून, ते काढणे हीच चूक होती असे त्यांच्यातल्या चित्रकाराने सांगितले. मूळ विनोद तेव्हाच विरला असता. वाद तीन वर्षे जगला तो या उत्तरांमुळे.

चौथ्या चौकटीतला मदत कक्ष मात्र खरोखर असायला हवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या विनियमांत ‘परिसर’ या शब्दाच्या व्याख्येत सहली, शिबिरे, सांस्कृतिक महोत्सव आणि क्रीडास्पर्धांच्या जागाही येतात. फेस्ट दुसऱ्या सभागृहात भरला तरी महाविद्यालयाची अंतर्गत तक्रार समिती हात झटकू शकत नाही. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते. व्यावसायिक संमेलनातल्या स्टॉलवरच्या कर्मचारी महिलेला कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा लागू आहे. पीडित महिला तिथे नोकरीला असलीच पाहिजे, असेही तो कायदा म्हणत नाही. स्त्रीने स्पष्ट नापसंती दाखवूनही वारंवार पाठलाग करून संपर्क साधू पाहणे, तिच्यावर ऑनलाइन पाळत ठेवणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. यातले काहीही कॉमिकच्या चौकटीत कोंबू नका. खालच्या ओळीत समितीच्या अध्यक्षांचे पद, दूरध्वनी आणि कक्षाची जागा एवढेच द्या.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अशी एक चार चौकटींची पट्टी छापता येईल का? शेवटची ओळ कोरी सोडा. महाविद्यालयांनी ती कापून आपल्या समितीचा क्रमांक लिहून सूचनाफलकावर लावावी. चार स्तंभांत, आडवी छापली तर अक्षर फलकावरूनही वाचता येईल.

आपली,
एक वाचक व अक्षरांकनकार, पुणे