बॅटरीची पिन

कोल्हापूर, ११ जानेवारी

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन कापलास ते बरंच केलंस. मी तेच तेच चौथ्यांदा सांगत होतो, आणि तुझी आई मागून 'पुरे' अशा खुणा करत होती. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलो. तुझी रिमोटवरची पेट्रोलची गाडी कुंपणावर गेली, तो विषय काढणार नाही. सायलीने तुटलेल्या फळ्या दाखवल्या, तेवढं पुरे.

गाडी चांगली मिळालीय. जुनी असली तरी क्रँकची बेअरिंगं वाजत नाहीत, व्हिडिओत कान देऊन ऐकलं. पुढचा सस्पेन्शन आर्म तू एकट्याने उतरवून परत बसवलास, हे मी सकाळी गोखल्यांना सांगितलं. त्यांना काही कळलं नाही, पण सांगितलं.

तू म्हणालास, सिग्नल गेला. मला तसं वाटत नाही. स्टिअरिंगला तू नवा दणकट सर्वो, म्हणजे चाकं वळवणारी मोटर, टाकलास आणि बॅटरी तीच जुनी, पाच सेलची, ६ व्होल्टची. खडकाला चाक अडलं की असा सर्वो ५-६ ॲम्पियर सहज ओढतो. बारीक वायर, सैल पिन. व्होल्टेज खाली बसतं आणि रिमोटचं ऐकणारा गाडीतला रिसीव्हर बंद पडतो. थ्रॉटलचा सर्वो होता तिथेच थांबतो. इंजिन मात्र मॅग्नेटवर चालतं, त्याला त्या बॅटरीचं काही देणंघेणं नाही. पेट्रोल संपेपर्यंत किंवा काहीतरी आडवं येईपर्यंत ते पळणार.

आडवं काय येईल, ते लिहीत नाही.

फेल-सेफ लावलाय म्हणालास. तो रिसीव्हर जिवंत असताना कामाचा: रिमोट गप्प झाला की थ्रॉटल मिटून ब्रेक दाबतो. रिसीव्हरच मेला तर ब्रेक कोण लावणार? कार्बोरेटरची स्प्रिंगही पुरत नाही, मेलेल्या सर्वोचे गिअर मागे ढकलायला तिच्यात जोर नसतो. म्हणून वेगळा किल स्विच हवाच. त्याची वायर कॉईलला जाते; ती बॉडीला अर्थ झाली की ठिणगी बंद. घेताना एक गोष्ट विचार: त्याची स्वतःची वीज गेली की इंजिन बंद पडतं की चालूच राहतं? बंद पाडणाराच घे. मग गाडी स्टँडवर घे, चारही चाकं अधांतरी, इंजिन चालू, आणि बॅटरीची पिन उपस. दोन सेकंदांत आवाज थांबला नाही तर गाडी खाली ठेवायची नाही.

बॅटरी दोन सेलची लायपो (लिथियमची) टाक, पण ती पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट देते. दोन्ही सर्वो आणि रिसीव्हरवर तेवढं चालतं असं लिहिलेलं असेल तरच थेट जोड, नाहीतर मध्ये १० ॲम्पियरचा रेग्युलेटर. वायर जाड. पिनेला प्लॅस्टिकची टाय मार.

हे पुन्हा भाषण झालं. माफ कर. चाळिशीला आलेल्या मुलाला बाप टाय कशी मारायची ते सांगतोय.

३२ सीसीचं इंजिन आणि ताकद वाढवणारा ट्यून्ड पाइप (सायलेन्सरच्या जागी लागतो तो) यांची घाई करू नकोस एवढंच म्हणणं. तुझं २६ चं इंजिन म्हणजे ३४ मिमी बोअर, २८ स्ट्रोक. ३२ चं म्हणजे ३८ बोअर, स्ट्रोक तोच. वाढलेली ताकद क्लचच्या शूपासून डिफरन्शियलच्या गिअरपर्यंत प्रत्येकाला सोसावी लागते. आधी क्लच-बेलची बेअरिंगं बदल. पिनियन आणि मोठ्या गिअरमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मेळ बसव. पट्टी चुरगळून निघावी, फाटू नये. पाइप लावलास तर कार्बोरेटरची एच सुई, जास्त वेगाला पेट्रोल सोडणारी, थोडी उघडावी लागेल, तशीच ठेवलीस तर पिस्टन तापून सिलिंडरला धरेल.

सुया सुरुवातीला दोन्ही, एच आणि कमी वेगाची एल, सव्वा फेरा उघड्या. उन्हात ट्यून केलेली गाडी थंडीत लीन होते, म्हणजे हवा जड असल्याने पेट्रोल कमी पडतं. तिकडे आत्ता पहाटे गारठा असेल, म्हणून सकाळी एच एक-अष्टमांश फेरा उघडून सुरू कर. आयडलला आवाज आपोआप चढला तर सुईला हात लावू नकोस, आधी कार्बोरेटर आणि सिलिंडरमधले बोल्ट बघ. तिथून हवा ओढते. कार्ब क्लीनरचा फवारा त्या सांध्यावर मार. आवाज बदलला की चोर तिथेच. फिल्टरचा फोम दररोज धू. ॲरिझोनाची धूळ म्हणजे पॉलिश पेपर. प्लग सीएमआर७एच, गॅप ०.६ ते ०.७. त्यातला 'आर' म्हणजे आत रेझिस्टर आहे, म्हणून ठिणगीचा त्रास रिसीव्हरला कमी. स्वस्तात बिनआरचा मिळतोय म्हणून घेऊ नकोस.

ऑइल एकास पंचवीस. लिटरला ४० मिली, मोजून, डोळ्याने नाही. लुनाच्या वेळी तू ऑइलची बाटली हातात घेऊन उभा राहायचास, झाकणाने मोजायचास आणि एक झाकण जास्तच घालायचास. धूर व्हायचा, पाटलांची म्हातारी ओरडायची. त्या वर्षी पिस्टन का धरला हे मी तुला कधी विचारलं नाही. आताही विचारत नाही. बरं झालं ते, कारण रिंग कशी बसते ते तू तेव्हाच बघितलंस, उद्यमनगरात, माझ्या शेजारी पाटावर बसून. किती काळे झाले होते तुझे हात!

तुझी मनू आता तेवढ्याच वयाची आहे.

मी आकडा काढला, कागदावर. १५ किलोची गाडी, ताशी ६० किमी. म्हणजे रिकामा गॅस सिलिंडर १४ मीटरवरून सोडावा, आपल्या नव्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्याच्या कठड्यावरून. आईला हे सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. मनू तुझ्या पाठीमागे उभी राहू दे, बाजूला नाही. गाडी जिकडे वळेल तिकडे कुणी नको, पुढेही नको. तिला रिमोट द्यायचा असेल तर थ्रॉटलचा एंड पॉइंट, म्हणजे तो जास्तीत जास्त किती उघडेल ते, ३० टक्क्यांवर आणून दे. दे जरूर. तुझ्यासारखीच आहे, तिला कळेल.

तुझे
आप्पा

ता. क. कार्बोरेटरच्या स्प्रिंगा दोन वाइंड करून ठेवल्यात, सायलीची आई मार्चमध्ये तुमच्याकडे येईल तिच्याकडे देतो. पिन उपसल्याचा व्हिडिओ त्याआधी पाठव. त्यात इंजिन बंद झाल्याचं ऐकू यायला हवं, आणि मनू दिसायला नको.