आईचं मत आणि 48

ऑकलंड

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "पासपोर्ट आपला, मग मत तिकडे कसं?" तेवढ्यात तुमच्याकडे कुकरची शिट्टी झाली आणि उत्तर राहिलं. इथे न्यूझीलंडमध्ये कायम राहण्याचा व्हिसा असला आणि सलग वर्षभर राहिलं की नागरिक नसलात तरी मत देता येतं. गोरेगावातलं मत द्यायचं तर मात्र मला विमानाने येऊन रांगेत उभं राहावं लागेल!

2023 ला पहिल्यांदा दिलं. घराजवळच्या लायब्ररीत, तेही मतदानाच्या आठवडाभर आधी. कागदी मतपत्रिका, डावीकडे पक्ष, उजवीकडे उमेदवार, दोन्हींवर खूण. शाई नाही, नारिंगी स्टिकर देतात. फ्रिजवर लावलाय, पण शाईच्या बोटाचा तोरा त्याला नाही.

पक्षाला जेवढे टक्के मतं, साधारण तेवढ्या जागा. त्यासाठी 5 टक्के तरी हवेत, नाहीतर एखादा मतदारसंघ जिंकलेला हवा. पूर्वी इथेही आपल्यासारखंच होतं. 1978 आणि 1981 ला जास्त मतं पडूनही लेबर पक्ष विरोधात बसला. 1981 ला तिसऱ्या पक्षाला 20 टक्क्यांवर मतं आणि जागा 2! लोक वैतागले आणि 1993 च्या सार्वमतात पद्धतच बदलली. आपल्याकडे 2014 ला बसपाला 4 टक्क्यांवर मतं पडून लोकसभेत भोपळा मिळाला, कोणाला आठवतंय?

"म्हणजे निकालानंतर खिचडी," असं तुम्ही म्हणणार. खरंय. 2023 ला मतदान 14 ऑक्टोबरला आणि शपथविधी 27 नोव्हेंबरला. तीन पक्ष, त्यांतल्या दोघांनी उपपंतप्रधानपद अर्धं-अर्धं वाटून घेतलं. मला आपली 2019 ची अडीच-अडीच वर्षं आठवली. फक्त इथले करार लेखी असतात, कोणीही वाचावेत. बंद दाराआड कोण काय बोललं, यावर वाद नाही. माझं मत कुठे गहाण पडलं ते कागदावर दिसलं, की मी फार कुरकुर करणार नाही.

आईला आठवण करून देऊ नका, पण 20 मे 2024 ला ती उन्हात दोन तास थांबून मत न देताच परतली होती. आणि आपल्या वायव्य मुंबईचा निकाल लागला 48 मतांनी. आपल्या बी विंगमधले मतदारच त्याहून जास्त असतील. पुढच्या खेपेला तिला सकाळी सातलाच न्या, आणि पिशवीत घडीचं स्टूल टाका.

तुमची,
ताई