सेकंड हँड पिकअप घेताना गाडीखाली वाका

संपादक साहेब, नमस्कार.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, बेळगावहून भाजी आणायचा धंदा करतो. दोन वर्षांमागे एक सेकंड हँड पिकअप घेतली, नाव काढत नाही कुणाचं, पण घेताना आपण सगळे करतो तेच मी केलं, इंजिन ऐकलं, धूर बघितला, टायर बघितले, कागद बघितले नि टोकन दिलं. ब्रेक? यार्डात पाय मारला, थांबली, झालं.

तिसऱ्या का चौथ्या फेरीला चोर्ला घाट उतरताना पुढच्या डाव्या चाकाकडून जळका वास यायला लागला, मला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल, आणि पुढच्या वळणावर पॅडल सरळ खाली, पाय जणू कापसात. सेकंड गिअर होता म्हणून वाचलो, थोडा थोडा हँडब्रेक ओढत डोंगराच्या बाजूच्या गटारात चाक घातलं. आता गंमत बघा, अर्धा पाऊण तास गाडी थंड झाली नि पॅडल परत कडक! घाटाखाली केरी गावात एका गॅरेजवाल्याने बघून सांगितलं, काही नाही, तुमचा भास.

भास कसला. दुसऱ्या मिस्त्रीने चाक खोललं तर पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपरचा पिस्टन गंजून जाम, म्हणजे ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासतच होता, त्या उष्णतेने तेल उकळलं नि पाइपात वाफ झाली. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही, म्हणून पॅडल बसतं. मिस्त्रीने तेल बाटलीत काढून दाखवलं, म्हणाला, "पात्राव, हें तेल न्हय, च्या." म्हणजे मालक, हे तेल नाही, चहा आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना कमीत कमी २०५ डिग्रीला उकळायला हवं, पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ती हद्द १४० वर येते. आपल्या गोव्याच्या हवेत दोन वर्षांच्या वर ते ठेवूच नये, आणि मागच्या मालकाने कधी बदललं ते तुम्हाला कोण सांगणार, म्हणून गाडी हातात आली की पहिलं तेच बदला नि पाइपातली एअर नीट काढून घ्या.

दुसरी भानगड मासळीची. जी गाडी जेटीवर फिरलीय तिच्या चॅसीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं गळलेलं असतं नि मागच्या ॲक्सलवरचे लोखंडी ब्रेक पाइप बाहेरून कुजतात. माझ्या गाडीचा पाइप नखाने खरवडला तर पापुद्रे निघाले. शिवाय मागे लोड सेन्सिंग व्हॉल्व असतो, ॲक्सल नि चॅसीमध्ये एक सळी, माल भरून चॅसी खाली बसली की तो मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. माझी सळी तारेने बांधलेली! आणि चिरे भरायला स्प्रिंगचे जादा पाटे टाकलेली गाडी तर भरली तरी खाली बसत नाही, व्हॉल्वला वाटतं रिकामीच आहे, मागचे ब्रेक अर्धवटच लागतात. हे विकणारा सांगत नाही, बहुतेकवेळा त्यालाही ठाऊक नसतं.

तेव्हा घेणाऱ्यांनी एवढं तरी करा. इंजिन चालू ठेवून पॅडल अर्धा मिनिट दाबून धरा, हळूहळू खाली सरकलं तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पॅडलचा दाब तेलाला देणारा भाग, गेलाय. मग इंजिन बंद करून चार-पाच वेळा मारा, कडक झालं की पाय तसाच ठेवून स्टार्टर मारा, पॅडल थोडं खाली जायला हवं, नाही गेलं तर बूस्टर, म्हणजे पॅडल हलकं करणारा भाग, बघा. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ असतील तर ड्रम उघडल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि घाटात न्यूट्रल टाकून डिझेल वाचवणाऱ्यांना तर मी हात जोडतो.

आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट आहे ना, असं विकणारा म्हणेल. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन-दोन वर्षांची असते, त्यानंतर दरवर्षी. म्हणजे पासिंग झालं त्या दिवशी ब्रेक बरे होते, एवढंच त्या कागदाने कळतं.

परवा म्हापशाला एक पिकअप विकायला लावलेली बघितली, चॅसीला नवा कोरा काळा रंग. मी खाली वाकलो तर विकणारा म्हणतो, अंडरकोटिंग केलंय, टेन्शन नाही. रंग ताजा होता, पण वास बांगड्याचाच येत होता.

— एक पिकअपवाला, वाळपई