आईचा व्यवसाय : नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझी आई गेली. वय ८४. मृत्यूनोंदणीचा अर्ज भरताना मृत व्यक्तीच्या व्यवसायाचा रकाना आला. व्यवसाय नसेल तर तसं लिहा, अशी सूचना शेजारीच होती. मागे रांग वाढत होती. मी ‘नाही’ लिहून मोकळा झालो. तेराव्यानंतर कपाट आवरताना तिच्या हिशेबाच्या वह्या हाती लागल्या, तेव्हापासून ते ‘नाही’ डोक्यातून जात नाही.

१९६० साली आई लग्न होऊन नारायण पेठेतल्या वाड्यात आली आणि पुढच्याच १२ जुलैला पानशेत फुटलं. (पुराशिवाय पुणेकराचं पत्र पुरं होत नाही, क्षमस्व.) पाणी चढू लागलं तसं तिने आजेसासूबाईंना माडीवर नेलं, मग पुन्हा उतरून कणकेचा डबा आणि काडेपेटी आणली. दागिन्यांचा डबा खालीच राहिला. आजी त्यावरून तिला पुढे कित्येक वर्षं ऐकवत असे. आईचं उत्तर ठरलेलं, “रात्री पिठलं-पोळी कुणी खाल्ली?” फटकळ होतीच ती.

१९७२च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी आली, मिलो. भाकरी थापताना चिरायची. आई पीठ उकळत्या पाण्यात भिजवून, मळून मळून ती जमवायची आणि आम्ही नाकं मुरडायचो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. वहीत दर महिन्याला डावीकडे त्यांचा पगार. उजवीकडे वाणी, दूध, रॉकेल, आमच्या फिया, आत्याच्या बाळंतपणाचं डिंक-खोबरं. ‘उसने’ हा शब्द तीनदा सापडला आणि तिन्ही वेळा पुढच्याच पानावर ‘फेडले’. तिने स्वतःवर काय खर्च केला ते शोधत बसलो. १९७९मध्ये एक चष्मा. बस.

अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जनगणनेवर ताशेरे ओढले होते, की गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या पंगतीत ‘काम न करणारे’ म्हणून बसवलं जातं. २०१९च्या सरकारी पाहणीतही स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली, ते करणाऱ्या पुरुषांची ९७. अण्णांची तेवढीही भरली नसती, आणि माझंही फार वेगळं नाही. हे सगळं मी वाचलेलं होतं. तरी पेन हातात आल्यावर मी लिहायचं तेच लिहिलं.

चूक दुरुस्त करायला पुन्हा जाणार होतो. तेव्हा कळलं, व्यवसाय दाखल्यावर छापलाच जात नाही, तो फक्त सरकारी आकडेवारीसाठी विचारतात. म्हणजे दाखल्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. म्हणून हे पत्र.

आपला,
एक वाचक, नारायण पेठ, पुणे