ग्रंथपालबाई, त्या सुरीबद्दल

ग्रंथपालबाई,

सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी कार्डावर इंग्रजीत दोन ओळी लिहून दिल्या, पण मन भरलं नाही. म्हणून हे मराठीत. तुम्हाला वाचता येणार नाही, पण तुम्ही काय केलंत ते माझ्या माणसांना तरी कळू दे.

इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या आमच्या भाड्याच्या घरामागे सफरचंदाचं म्हातारं झाड आहे. फळ इतकं आंबट-तुरट की दुसरा घास घेववत नाही. घरमालक म्हणाले, हिवाळ्यात तोडून टाकू. माझे बाबा देवगडला आंब्याची कलमं बांधायचे. जात माहीत नसलेलं झाड तोडायचं, हे मला सोसेना.

'हेरफर्डशायर पोमोना' पाहा, असं कुणीतरी सुचवलं. सफरचंद-नासपतीच्या जातींचा, १८७६ ते १८८५ या काळात सात भागांत निघालेला ग्रंथ, ७७ रंगीत चित्रपानं, प्रती फक्त ६००. जुन्या जाती नाहीशा होत चालल्या म्हणून वुलहोप क्लब या तिथल्या निसर्गप्रेमींच्या मंडळानं हा घाट घातला आणि अ‍ॅलिस एलिस, इडिथ बुल या दोघींनी चित्रं रंगवली. एका संस्थेत मला विचारलं, "संशोधक आहात का? पत्र आणलंय?" एका दुकानात तर ग्रंथातून कापून काढलेली पानं फ्रेम करून टांगलेली. सहाशेच प्रती, आणि त्याही अशा फाडून विकायच्या! त्या माणसाचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र विचारलंत, "फळ आणलंय का?"

वाचनालयात खाण्याची वस्तू चालत नाही. तुम्ही मला बाहेर पायऱ्यांवर घेऊन गेलात, आपल्या डब्यातली छोटी सुरी काढलीत आणि सफरचंद देठापासून खालपर्यंत उभं चिरलंत. चित्रं फळाच्या रंगाची, पण ओळख पटते ती आतून: बियांचे कप्पे कसे, फुलाकडची नळी किती खोल, पुंकेसर कुठे चिकटलेले. हे सगळं तुम्ही सुरीच्या टोकानं दाखवलंत. मग हात धुऊन आत आलात आणि माझ्यासाठी एकेक पान उलटत राहिलात. फॉक्सव्हेल्पच्या लाल रेघा दिसल्या तेव्हा तुम्हीच आधी ओरडलात. सायडरचं, म्हणजे सफरचंदाच्या मद्याचं, जुनं, नावाजलेलं फळ! खायचं नव्हतंच ते.

कागद मागणारे खूप भेटतात. समोरच्याच्या पिशवीत काय आहे हे विचारणारं माणूस क्वचित भेटतं, आणि तेवढ्यावर परका गाव आपला वाटायला लागतो.

घरमालकांना चित्राचा फोटो दाखवला. झाड राहतंय.

सुरी धुऊन परत देताना माझा गळा दाटला होता, म्हणून काही बोलता आलं नाही. ते राहिलेलं आज बोलते आहे. मनापासून आभार.

तुमची,
फॉक्सव्हेल्पच्या झाडाखाली राहणारी एक देवगडकरीण